हलती फळी

घरांत नवें कपाट करावयाचें ठरलें म्हणजे सुतार पट्टी उलगडतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो हा, कीं फळ्या किती, व किती किती अंतरावर ठोकावयाच्या? प्रश्न साधा असतो. परंतु त्याचें उत्तर देतांना आपण नकळत भविष्य वर्तवीत असतों. आज आपल्यापाशीं जीं पुस्तकें, जे डबे, जीं दप्तरें आहेत त्यांची उंची मनांत धरून आपण बोट दाखवितों. सुतार खूण करतो, खिळा बसतो. आणि मग पुढील तीस-चाळीस वर्षें त्या घरांत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्या एका दिवशींच्या अंदाजापुढें मान तुकवावी लागते. आमच्या जुन्या घरांतील भिंतीच्या फडताळाला अशाच कायमच्या फळ्या होत्या. त्यांवर पोथ्या सुखानें निजत. पुढें घरांत नकाशांचें एक मोठें पुस्तक आलें. तें उभें राहीना व आडवें मावेना. शेवटीं तिरपें कोंबलें गेलें, आणि कांहीं वर्षांनीं त्याची पाठ मोडली. फळी वीतभर वर घेतां आली असती तर तें वांचलें असतें.

ही वीतभर मोकळीक मिळविण्यास ग्रंथसंग्राहकांना शतकें लागलीं. ती मिळण्यास केवळ सुतारकाम सुधारून भागलें नाहीं. ग्रंथाचें स्थान कोणतें, ह्याविषयींची समजूतच आधीं बदलावी लागली. तो इतिहास आज वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचा आमचा विचार आहे.

आमच्याकडे हा प्रश्न फार काळ उद्भवला नाहीं, कारण आमचा ग्रंथ उभा राहणारा नव्हता. पोथीचीं सुटीं पानें दोन लांकडी पट्ट्यांमध्यें धरून रुमालांत बांधीत आणि आडवीं ठेवीत. मोडी कागदांचीही तीच रीत. पुण्यास जतन केलेलें पेशवे दप्तर रुमालांतच बांधलेलें होतें. त्यांतून निवडलेले कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ ह्या काळांत ४५ भागांत प्रसिद्ध झाले. रुमालाचा गुण असा, कीं तो आंतील वस्तूचें माप घेतो. कागद वाढले तर तो फुगतो, घटले तर गांठ आवळतां येते. दोषही तितकाच उघड आहे. हवा तो कागद काढावयाचा तर सारा गठ्ठा सोडावा लागतो, आणि तळचा रुमाल हवा असेल तर वरचे सगळे उतरवावे लागतात.

युरोपांतील बांधीव ग्रंथ मात्र उभा राहूं लागला, व तेथून फळीचा खरा इतिहास सुरू होतो. पहिल्या काळीं ग्रंथ इतका मोलाचा, कीं त्याला सांखळीनें जखडून ठेवीत. इंग्लंडांत हेरेफर्ड येथील ख्रिस्तमंदिरांत १६११ सालचीं अशीं कपाटें आजही पाहावयास मिळतात. सांखळीचें एक टोंक ग्रंथाच्या पुठ्ठ्याच्या पुढील कडेला आणि दुसरें कपाटाच्या लोखंडी दांड्याला अडकविलेलें असे. म्हणून ग्रंथाची पाठ आंत व पानांची कड बाहेर ठेवीत. अशा ग्रंथाला जागा बदलण्याचें स्वातंत्र्य नव्हतें, तें फळीला तरी कोठून असणार?

सांखळ्या गेल्या तरी जखडणें संपलें नाहीं. तें आतां यादींत शिरलें. १६३१ सालीं मरण पावलेल्या सर रॉबर्ट कॉटन यांच्या हस्तलिखितांच्या संग्रहांत चौदा कपाटें होतीं. बारांवर रोमन बादशहांचे व उरलेल्या दोहोंवर क्लिओपात्रा व फॉस्टिना ह्या स्त्रियांचे अर्धपुतळे होते. ग्रंथाची ओळख सांगावयाची ती कपाटाच्या धन्याच्या नांवानें. इंग्रजी भाषेचें आद्य महाकाव्य ‘बेओवुल्फ’ एकाच हस्तलिखितांत शिल्लक आहे. त्याचा पत्ता ‘व्हिटेलियस, ए, १५’. म्हणजे व्हिटेलियस बादशहाचें कपाट, पहिली फळी, पंधरावा ग्रंथ. १७३१ सालीं ह्या संग्रहाला आग लागली. त्यांत त्या हस्तलिखिताच्या कडा होरपळल्या. पुढें संग्रह ब्रिटिश म्यूझियमकडे व तेथून ब्रिटिश लायब्ररीकडे गेला. तीं कपाटें मागेंच गेलीं; परंतु अभ्यासक आजही ग्रंथ मागतांना व्हिटेलियसचेंच नांव घेतो. घर पडलें तरी पत्ता राहिला, असा हा प्रकार आहे.

ह्यावरून जुन्या फळीच्या स्थिरपणाचें मर्म कळतें. ग्रंथाचा पत्ता म्हणजेच फळीचा पत्ता होता; फळी हलली कीं यादी खोटी पडणार. म्हणून फळ्या कायमच्या, त्यांच्या उंचीप्रमाणें ग्रंथांची निवड, आणि विषयाची संगति पुष्कळदां उंचीच्या मागून. एकाच शास्त्राचे दोन ग्रंथ, एक ठेंगणा व एक उंच, म्हणून दोन टोंकांना जात.

ह्या पद्धतीचें सर्वांत देखणें उदाहरण म्हणजे सॅम्युएल पीप्स या प्रसिद्ध रोजनिशीकाराचें ग्रंथालय. नौदलाच्या कचेरींतील ह्या गृहस्थानें १६६६ सालीं एका सुताराकडून पहिलीं कपाटें करवून घेतलीं; पुढें त्यांची संख्या बारा झाली. त्याचे ग्रंथ तीन हजार, आणि त्यांचे अनुक्रमांक उंचीवरून: पहिला सर्वांत लहान, तीनहजारावा सर्वांत मोठा. एकाच रांगेंतील ग्रंथांच्या माथ्यांत किंचित् फरक दिसे तो त्याला खपेना, म्हणून ठेंगण्या ग्रंथांखालीं त्यानें लांकडाचे ठोकळे करवून बसविले. फळी ग्रंथासाठीं हलत नव्हती. ग्रंथालाच फळीसाठीं पाटावर उभें राहावें लागत होतें. १७०३ सालीं पीप्स वारला. संग्रहांत भर घालूं नये व त्यांतून कांहीं काढूं नये, अशी त्याची इच्छा होती. १७२४ पासून तो केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयांत तशाच थाटांत उभा आहे. तो पाहून मन प्रसन्न होतें ह्यांत शंका नाहीं. परंतु ज्या ग्रंथालयांत उद्यां एकही पुस्तक यावयाचें नाहीं, त्यालाच अशी शिस्त परवडते.

जिवंत ग्रंथालयाची स्थिति निराळी. एकोणिसाव्या शतकांत छापखान्यांच्या वाढीबरोबर ब्रिटिश म्यूझियमच्या खोल्या तुडुंब भरल्या. इटलींतून परागंदा होऊन आलेला अँटोनिओ पानिझ्झी तेव्हां तेथील छापील ग्रंथांच्या विभागाचा प्रमुख होता. त्यानें मोकळ्या चौकांत गोल वाचनालयाची कल्पना मांडली, आणि १८५७ सालीं तें उघडलें. वाचकांनीं घुमटाचें कौतुक केलें. आमचें लक्ष मात्र त्याच्या भोंवतालच्या लोखंडी मांडणीकडे जातें. तेथील फळ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या होत्या व ग्रंथांना इजा होऊं नये म्हणून त्यांवर कातडें चढविलेलें होतें. त्या पितळी खुंट्यांवर टेकत, आणि खुंट्यांचीं भोकें एकमेकांपासून पाऊण इंचावर पाडलेलीं होतीं. खुंटीचा दांडा मुद्दाम वांकविलेला असे. ती उलटी करून बसविली कीं भोंक तेंच राहून फळीची उंची अर्ध्या टप्प्यानें बदले. ह्या युक्तीनें फळी एका वेळीं इंचाचे तीन अष्टमांश इतकी वर किंवा खालीं घेतां येई.

खुंटी सांपडली, पत्त्याचें कोडें पुष्कळ ठिकाणीं तसेंच राहिलें. तें सोडविण्याचा मोठा मान अमेरिकेंतील मेल्व्हिल ड्यूई यांचा. १८७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दशांश वर्गीकरणांत अंक फळीला न देतां ग्रंथाच्या विषयाला दिला. ग्रंथाचें स्थान आतां ‘अमुक कपाटांत’ असें न राहतां ‘अमुक ग्रंथाच्या नंतर व तमुकाच्या आधीं’ असें झालें. नवा ग्रंथ आला तर मागले सरकतील, फळी बदलेल, दालनही बदलेल. यादींतील अक्षरालाही धक्का लागणार नाहीं. आणि एकाच विषयाचे उंच व ठेंगणे ग्रंथ शेजारीं उभे राहूं लागल्यावर हलती फळी ही चैन न उरतां गरज झाली.

ह्या सोयीला किंमत द्यावी लागते, हेंही सांगितलें पाहिजे. ठोकलेली फळी दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांना धरून ठेवते; खुंटीवर नुसती टेकलेली फळी तो आधार देत नाहीं. म्हणून अशा कपाटाला मागची पाठ किंवा तिरपे आधार भक्कम लागतात. दुसरी गोष्ट लांबीची. जाडी व लांकूड तेंच ठेवून, आणि ग्रंथ पूर्वीसारखेच खेटून भरून, फळीची लांबी दुप्पट केली तर तिचें वांकणें दुप्पट न होतां सोळापट होतें. मोठ्या ग्रंथालयांत फळीची लांबी सुमारें तीन फुटांवर ठरून गेली ती उगीच नव्हे. घरीं सहा फुटांची एकसंध फळी घालून मग ती मध्यें कां लोंबली म्हणून सुताराला बोल लावणाऱ्यांनीं हें गणित ध्यानांत ठेवावें.

१८९७ सालीं उघडलेल्या वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत बर्नार्ड ग्रीन या इंजिनियरानें लोखंडी खांबांची मजल्यावर मजला चढणारी मांडणी उभारली व तींत फळ्या हव्या तशा हलविण्याची सोय ठेविली. ही अमेरिकन विद्या आमच्याकडे आली ती एका मराठी राजाच्या हातून. अमेरिकेंतील ग्रंथालयें पाहून आलेल्या सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणिलें, आणि राज्यभर गांवोगांव ग्रंथालयें पोंचविण्याची योजना हातीं घेतली. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या १९३१ सालच्या इमारतींत धातूच्या मांडण्या आहेत, व त्यांच्या मजल्यांची जमीन कांचेची आहे. त्याच १९३१ सालीं मद्रासेंत शि. रा. रंगनाथन् यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पांच सूत्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथालय ही वाढणारी सजीव वस्तु होय, हें त्यांचें पांचवें सूत्र. ज्यानें तें मान्य केलें त्याला ठोकलेली फळी मान्य करतां येत नाहीं.

कचेऱ्यांतून व गोदामांतून आज जी भोंकाभोंकांच्या लोखंडी पट्ट्यांची मांडणी दिसते, तिचें मूळही कागदाच्याच व्यवसायांत आहे. डिमिट्रियस कोमिनो हा ग्रीक वंशाचा, ऑस्ट्रेलियांत जन्मलेला गृहस्थ लंडनमध्यें छापखाना चालवीत असे. गरज बदलली कीं लांकडी मांडण्या मोडावयाच्या व नव्या करावयाच्या, ह्यांत होणारी नासाडी त्याला खटके. काटकोनांत वळविलेल्या पट्टीला ओळीनें भोकें पाडलीं तर तीच पट्टी पुनःपुन्हां जोडतां येईल, हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि १९४७ सालीं ‘डेक्सिऑन’ या नांवानें तिचें उत्पादन सुरू झालें.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? भोकें असलेल्या कपाटांच्या फळ्या तरी कोण रोज हलवितो? आक्षेप खरा आहे. आमच्या स्वतःच्या कपाटांत तीस भोकें असून गेल्या कित्येक वर्षांत दोनदांच फळी हलली. परंतु रिकामें भोंक वायां गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. उद्यां काय येईल तें आपणांस ठाऊक नाहीं, ही त्या दिवशीं सुतारासमोर दिलेली प्रामाणिक कबुली आहे. आणि आपल्यामागून त्या घरांत वाचणाऱ्यांसाठीं ठेविलेली जागाही आहे.

आतां सुतार पट्टी उलगडून उत्तराची वाट पाहूं लागला, कीं आम्ही फळ्यांची संख्या सांगतों. अंतर सांगत नाहीं. दोन्ही बाजूंस इंचाइंचावर भोकें पाडून ठेव, एवढेंच त्यास सांगतों. पाठ मोडलेलें तें नकाशांचें पुस्तक नव्या कपाटांत तळच्या खणांत ताठ उभें आहे.