मुक्त पत्रकारिता, नियतकालिकांतील : जिवती व परिसर

कोणत्याही एका वृत्तपत्राच्या नोकरीत न राहता, लेखागणिक मानधन घेऊन वेगवेगळ्या साप्ताहिकांसाठी, मासिकांसाठी व दिवाळी अंकांसाठी केलेले पत्रकारितेचे लेखन. क्रीडा, प्रवास आणि स्थानिक संस्कृती हे तीन विषय शहरी संपादकीय व्यवस्थेत वेगळे मानले जातात. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र ते एकाच गावात, पुष्कळदा एकाच दिवशी समोर येतात. म्हणून येथे एका विषयाला वाहिलेल्या लेखकापेक्षा तिन्ही विषय हाताळणारा मुक्त पत्रकार अधिक उपयोगी ठरतो.

पूर्वपीठिका : मासिकांतील दीर्घ लेखनाला मराठीत दिवाळी अंकांनी हक्काची जागा दिली. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा १९०९ चा अंक हा पहिला दिवाळी अंक मानला जातो. प्रत्यक्ष फिरून, माणसांशी बोलून लिहिण्याची वाट पुढे अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी रुळवली. बिहारमधील दुष्काळी भागावरचे त्यांचे ‘पूर्णिया’ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. तालुक्याचा वार्ताहर बहुधा एका दैनिकाशी बांधलेला असतो व बातमीबरोबर जाहिरातीही त्यालाच मिळवाव्या लागतात. मुक्त पत्रकाराला बातमीची घाई नसते, पण प्रवासखर्चाची हमीही नसते.

क्षेत्र : जिवती हा चंद्रपूर जिल्ह्यातील तेलंगणाच्या सीमेवरचा, माणिकगड पहाडावर वसलेला तालुका. पूर्वीच्या राजुरा तालुक्याचा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राजुरा १९५९ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात आला. पहाडावर गोंड व कोलाम यांची जुनी वस्ती आहे, बंजारा तांडे आहेत आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली कुटुंबेही आहेत. त्यामुळे मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा व तेलुगू अशा पाच भाषा कानी पडतात. सीमेवरील १४ गावांवर दोन्ही राज्ये दावा सांगत आली आहेत. तेथील अनेक रहिवाशांची नावे दोन्हीकडच्या मतदार याद्यांत असतात.

क्रीडा : ‘मिशन शौर्य’ या आदिवासी विकास विभागाच्या मोहिमेसाठी जिल्ह्यातील बोर्डा, देवाडा व जिवती येथील आश्रमशाळांतून १० विद्यार्थी निवडले गेले व त्यांपैकी ५ जण मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. दैनिकांसाठी ही एका दिवसाची बातमी होती. नियतकालिकाच्या लेखाला मात्र आश्रमशाळेतील निवड, प्रशिक्षण आणि परतल्यानंतरची वर्षे एवढा पल्ला घेता येतो. मैदानी भागात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हा मोठा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदादुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री वडसा येथील एखाद्या मंडळीचे नाटक, असा बेत गावे ठरवतात. दाणीवर (शर्यतीच्या धावपट्टीवर) धावणाऱ्या जोड्यांबद्दल लिहिणाऱ्याने रात्रीच्या नाटकाला पाठ फिरवली, तर पटाचा अर्धा अर्थ त्याच्या हातून निसटतो.

प्रवास : प्रवासलेखनाचा ओढा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबाकडे आणि तेथील वाघांकडे आहे. गडचांदूरहून पहाड चढून जाणाऱ्या वाटेवरचा माणिकगड किल्ला तुलनेने दुर्लक्षित राहिला. काळ्या पाषाणातील हा किल्ला नागवंशी माना राजांनी बांधल्याचे मानतात. त्याच्या प्रवेशद्वारावर नागाचे शिल्प आहे. गडचांदूर परिसरातील चुनखडीच्या खाणी व सिमेंट कारखाने याच वाटेवर लागतात. ते वगळून केवळ निसर्गवर्णन लिहिले, तर प्रवासलेख अपुरा राहतो.

स्थानिक संस्कृती : दिवाळीत गोंडांची दंडारी, म्हणजे नर्तकांची फेरी, निघते. मोरपिसांचे मोठे शिरोभूषण घातलेले घुसाडी नर्तक गावोगाव पाहुणे म्हणून जातात. पौष महिन्यात सीमेवरील जंगुबाई देवीच्या गुहेत दोन्ही राज्यांतील भाविक जमतात. कोलाम हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक असून उरलेले दोन कातकरी व माडिया गोंड होत. पूजाविधीचे छायाचित्र घेण्यापूर्वी गावच्या जाणत्या मंडळींची संमती घेणे आणि दुभाष्याच्या श्रमाचा मोबदला देणे ही या लेखनाची किमान शिस्त आहे.

कालगणित : दिवाळी अंकांचा मजकूर साधारणतः गणेशोत्सवाच्या सुमारास संपादकाकडे जातो, तर दंडारी प्रत्यक्ष दिवाळीत निघते. त्यामुळे यंदा पाहिलेली दंडारी पुढल्या वर्षीच्या अंकात येते. पौषातली जत्रा, सुगीनंतरचे पट व नाटके आणि मे महिन्यातील गिर्यारोहण यांची नोंद सवडीने ठेवणारा लेखकच त्यांवर वेळेत लिहू शकतो. एकाच फेरीत गोळा केलेल्या सामग्रीतून तीन अंकांसाठी तीन लेख निघाले, तरच प्रवासखर्च भरून निघण्याची शक्यता असते. तिन्ही विषय एकत्र सांभाळण्यामागे आवडीइतकाच हा हिशेबही आहे.

कायदेशीर स्थान : श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ मध्ये झालेल्या कायद्यात पूर्णवेळ किंवा अर्धवेळ नोकरी ही अट होती, त्यामुळे मुक्त पत्रकार त्याच्या संरक्षणाबाहेर राहिला. उलट १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने त्याला लाभ दिला. नोकरीत लिहिलेल्या मजकुराच्या प्रकाशनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, नियतकालिकाच्या मालकाकडे जातो. मुक्त पत्रकार मात्र आपल्या लेखाचा पहिला स्वामी असतो आणि हा हक्क लेखी कराराखेरीज दुसऱ्याकडे जात नाही.