दीर्घ अंतराच्या धावकांचे आहारज्ञान : खानदेशाच्या संदर्भात

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले. दीर्घ श्रमात धावकाचे बळ नेमके कशाने टिकते, याचे शास्त्रीय उत्तर त्या वेळी युरोपातही सिद्ध झालेले नव्हते. १९२४ मध्ये बॉस्टनच्या धावकांचे रक्त तपासले असता, अत्यंत थकलेल्यांच्या रक्तातील साखर उतरलेली आढळली. पुढील वर्षी शर्यतीपूर्वी पिष्टमय आहार व धावताना गोड गोळ्या दिल्यावर ही अवस्था बऱ्याच अंशी टळली. १९६७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी प्रत्यक्ष स्नायूतील ग्लायकोजेन मोजले. संमिश्र आहारानंतर सुमारे ११४ मिनिटे टिकणारे श्रम पिष्टमय पदार्थ वगळल्यावर ५७ मिनिटांवर आले, आणि ते भरपूर दिल्यावर १६७ मिनिटांपर्यंत वाढले.

या ज्ञानाची धावकांत कितपत रुजवण झाली, हे अजमावण्यासाठी आता प्रश्नावल्या वापरल्या जातात. शरीरातील साठा, शर्यतीपूर्वीचे दिवस, शर्यतीआधीचे भोजन, शर्यतीतील सेवन व नंतरची भरपाई, ही त्यांची मुख्य अंगे होत. परंतु जळगाव व धुळे जिल्ह्यांत अशी परीक्षा घेताना एक भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. पाकिटातील जेल किंवा पास्ता यांविषयी विचारल्यास धावकाचे ज्ञान नव्हे, तर बाजाराशी असलेला त्याचा परिचय मोजला जाईल. ज्वारीची भाकरी, गूळ आणि २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेली जळगावची केळी हीच येथील पिष्टमय आहाराची परिभाषा आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ७५ किलोमीटर सायकल चालविणाऱ्यांस केळी व साखरयुक्त पेय सारखीच उपयुक्त ठरली.

याचा अर्थ रूढ आहार पुरेसा आहे, असा मात्र नव्हे. केळ्याने बळ येते हे जाणणे एक. एका मध्यम केळ्यात सुमारे २७ ग्रॅम पिष्ट व शर्करा असतात, व एक तासाहून अधिक चालणाऱ्या शर्यतीत ताशी ३० ते ६० ग्रॅमची गरज असते, हे जाणणे दुसरे. तूप घातलेली वरण-बट्टी शर्यतीच्या सकाळी जड पडते. कारण स्निग्धांशामुळे जठर सावकाश रिकामे होते. रूढी पदार्थ सांगते; प्रमाण व वेळ सांगत नाही.

म्हणून खानदेशातील परीक्षेत पदार्थ, प्रमाण व वेळ यांचे स्वतंत्र गुण धरले पाहिजेत. तसे न केल्यास कमी गुणांचा दोष धावकाच्या माथी येईल, आणि दारची केळी टाकून त्याने महाग पाकीट घ्यावे, असा चुकीचा उपदेश शास्त्राच्या नावे होईल.