पाचारण आणि ख्रिस्ती ऐक्य यांसाठीच्या प्रार्थना

कॅथलिक धर्मग्रामाच्या मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत या दोन्ही मागण्या अनेकदा ऐकू येतात. त्यांचे उगम मात्र वेगळे आहेत. धर्मगुरू व व्रतस्थ जीवनाकडे तरुणांनी वळावे, या मागणीला मत्तयकृत शुभवर्तमानातील (९:३७-३८) पीक व कामकरी यांविषयीच्या वचनाचा आधार आहे. तिच्यासाठी पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये जागतिक दिन सुरू केला. पुनरुत्थानकाळाच्या चौथ्या रविवारी, उत्तम मेंढपाळाचे शुभवर्तमान वाचले जाते तेव्हा, तो पाळतात.

ऐक्याच्या प्रार्थनेचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. १८ ते २५ जानेवारी हा अष्टाह १९०८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ग्रेमूर येथे पॉल वॉटसन यांनी सुरू केला. ते तेव्हा अँग्लिकन परंपरेतील धर्मगुरू होते. पुढच्याच वर्षी ते आपल्या संघासह कॅथलिक झाले. इतरांनी रोमकडे परतावे, हाच त्या प्रार्थनेचा मूळ रोख होता, आणि तो प्रोटेस्टंटांना मानवणे अवघडच होते. लियाँचे धर्मगुरू पोल कुतुरिए यांनी १९३०च्या दशकात तो बदलला : ख्रिस्ताला हवे ते ऐक्य, त्याला हव्या त्या मार्गाने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ऐक्यविषयक आदेशाने (१९६४) अशा सामाईक प्रार्थनेला मान्यता दिली. पुढे या अष्टाहाचे साहित्य व्हॅटिकन व जागतिक चर्च परिषद मिळून प्रसिद्ध करू लागल्या. २०१३चा मसुदा भारतातील स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटच्या पुढाकाराने तयार झाला. त्यात दलितांवरील अन्याय केंद्रस्थानी होता.