गळ्यांतील ग्रंथि आणि रक्तांतील लोह

आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि बोलणारा मनुष्य आहे शाळामास्तर. मॅट्रिकच्या पलीकडे माझें शिक्षण गेलें नाहीं. तेव्हां औषधोपचार सांगण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु मुलांना इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें, आणि माणसांप्रमाणें आजारांनाही इतिहास असतो. तो धुंडाळण्याची पाळी माझ्यावर कां आली, हें आधीं सांगतों.

तीन वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीची प्रकृति हळूहळू उतरूं लागली. ताप नाहीं, कळ नाहीं. अंथरूण धरावें असें कांहीं नाहीं. तिला थकवा येई, भर उन्हाळ्यांतही थंडी वाजे, केस गळत, जिना चढतांना धाप लागे, आणि लहानपणापासून पाठ असलेलीं स्तोत्रें म्हणतांना ती मध्येंच अडखळे. मीं त्याला वय म्हटलें. एकदोनदां, सांगावयास लाज वाटते, आळस म्हटलें. मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलाला ज्या स्वरांत मी हांक मारीत असें, त्याच स्वरांत मी तिला बोललों. पुढें रक्त तपासलें तेव्हां कळलें कीं, तिच्या गळ्यांतील थायरॉईड नांवाची ग्रंथि मंदावली आहे, रक्तांत लोह कमी आहे आणि ब-१२ हें जीवनसत्त्वही कमी आहे. माझ्या बोलण्याचें मला फार वाईट वाटलें. मग मी वाचूं लागलों, आणि दिसून आलें कीं माझ्यासारखी चूक करणारे मोठमोठे लोक होऊन गेले आहेत.

ही ग्रंथि कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेच्या दोहों अंगांस, पंख पसरलेल्या फुलपांखरासारखी असते. तिच्यांतून जो स्राव रक्तांत जातो त्यावर शरीराची ऊब, हृदयाची गति, आंतड्यांची हालचाल आणि मनाची तरतरी अवलंबून असते. चुलींतलें सरपण कमी झालें म्हणजे भात शिजतो, पण उशिरां शिजतो. तसेंच या ग्रंथीचा स्राव उणा पडला म्हणजे देहाचे सारे व्यवहार चालतात, पण मंद चालतात.

इ. स. १८७३ सालीं लंडनमध्यें सर विल्यम गल यांनीं एका वैद्यकीय सभेपुढें पांच स्त्रियांची हकीकत वाचली. चांगल्या चपळ बायका प्रौढ वयांत सुस्त झाल्या, त्यांचे चेहरे फुगले, जिभा जड झाल्या, बुद्धि मंदावली. हें कशानें घडतें तें गल यांना ठाऊक नव्हतें. पण हा स्वभावदोष नसून आजार आहे, एवढें त्यांनीं ओळखलें. पांच वर्षांत विल्यम ऑर्ड यांनीं या विकाराला 'मिक्सिडिमा' असें नांव दिलें.

कारण सांपडलें तें एका अपघातानें. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरांत थिओडोर कोखर नांवाचे अत्यंत कुशल शस्त्रवैद्य होते. त्या डोंगराळ मुलखांत गलगंड फार. कोखर ती वाढलेली ग्रंथि समूळ काढून टाकीत आणि रोगी हिंडतफिरत घरीं जाई. त्यांपैकीं एक ११ वर्षांची मुलगी होती. तिच्यावर १८७४ सालीं शस्त्रक्रिया झाली. पुढें कित्येक वर्षांनीं ती मुलगी पार बदलून गेल्याचें कोखर यांच्या कानीं आलें. त्यांनीं आपले जुने रोगी शोधून तपासले. ज्यांची संपूर्ण ग्रंथि काढली होती त्यांपैकीं तपासलेल्या १८ जणांत १६ जण तसेच मंद आणि सुजलेले आढळले. हें त्यांनीं १८८३ सालीं स्वतः जाहीर केलें आणि साध्या गलगंडासाठीं संपूर्ण ग्रंथि काढणें सोडून दिलें. १९०९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या कौशल्यापेक्षां स्वतःची चूक चारचौघांत सांगण्याचें त्यांचें धैर्य मला मोठें वाटतें. १८८३ सालींच लंडनमध्यें फेलिक्स सेमन यांनीं गल यांच्या स्त्रियांचा आणि कोखर यांच्या रोग्यांचा विकार एकच असल्याचें सुचविलें, आणि तेथील समितीनें १८८८ सालीं शंभराहून अधिक रोग्यांचा विचार करून तसाच निर्वाळा दिला.

कारण कळल्यावर उपाय फार दूर नव्हता. १८९१ सालीं न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरानें मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क काढला आणि एका ४६ वर्षांच्या स्त्रीस टोचला. कांहीं महिन्यांतच तिची सूज ओसरली, वाणी सुटली, ती घराबाहेर पडूं लागली. पुढच्याच वर्षीं असें आढळलें कीं, टोचण्याची गरज नाहीं. तो पदार्थ पोटांत घेतला तरी चालतो. ती बाई १९१९ सालापर्यंत, वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली. तेवढ्या काळांत तिच्यासाठीं ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि लागल्या, असा हिशेब मरे यांनींच लिहून ठेवला आहे. १९१४ सालच्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत एडवर्ड केंडॉल यांनीं त्या स्रावाचे शुद्ध स्फटिक मिळविले. १९२७ सालीं चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनीं तो प्रयोगशाळेंत तयार केला. आज सकाळीं घेतली जाणारी ती इवलीशी पांढरी गोळी म्हणजे या साऱ्या मेंढ्यांची वारस होय.

ग्रंथि मुळांत मंदावते कां? जेथें अन्नांत आयोडीन नाहीं तेथें त्याच्या अभावानें. पण आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या शहरवासीयांत कारण बहुधा निराळें असतें. १९१२ सालीं हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरानें चार स्त्रियांच्या ग्रंथींत रक्तांतील पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली पाहिली. तिचा अर्थ १९५६ सालीं लागला: शरीराची रक्षक सेनाच चुकून स्वतःच्या ग्रंथीवर चालून जाते. कुंपणानेंच शेत खावें तशी ही गत.

आतां लोहाकडे वळूं. निस्तेज, फिकट माणसाला लोह द्यावें हें ज्ञान आपल्याकडे जुनें आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सोळावा अध्याय पांडुरोगाचा. त्यांत सांगितलेल्या नवायस चूर्णांत नऊ औषधींचे नऊ भाग आणि लोहभस्माचे नऊ भाग असतात. इंग्लंडांत सतराव्या शतकांत टॉमस सिडेनहॅम लोखंडाचा कीस मद्यांत भिजवून देत, आणि १८३२ च्या सुमारास फ्रान्समध्यें ब्लॉ यांच्या लोहाच्या गोळ्या निघाल्या.

पण लोहानेंही न हटणारा एक पांडुरोग होता. त्याचें निदान म्हणजे मृत्युपत्रच समजत. १९२६ सालीं बोस्टनमध्यें मायनॉट आणि मर्फी यांनीं अशा ४५ रोग्यांना भरपूर यकृत खावयास घातलें आणि ते सुधारले. व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. यकृतांतील तें गुणकारी द्रव्य १९४८ सालीं लालभडक स्फटिकांच्या रूपानें हातीं आलें, तेंच ब-१२.

या कथेंतील एक पान आपल्या मुंबईचें आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी परळच्या हाफकिन संस्थेंत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांना होणारा भयंकर रक्तक्षय हा त्यांचा विषय. या गरीब स्त्रिया काय खातात आणि कशा राहतात याची पाहणी त्यांनीं तळपदे या सहकाऱ्यासमवेत १९३० सालीं प्रसिद्ध केली. शेवटीं त्यांना दिसलें कीं, मार्माइट नांवाच्या स्वस्त यीस्टच्या अर्कानें या बायका बऱ्या होतात. हा निष्कर्ष १९३१ सालचा. त्यांतील द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून जगास ठाऊक झालें. आज जगभर गर्भवतींना जी गोळी देतात तिची वाट गिरणगांवांतून गेलेली आहे, याचा आपणांस विसर पडूं नये.

श्रोतेहो, आतांपर्यंत मीं दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. वस्तुतः त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. थायरॉईडचा स्राव तयार करणाऱ्या द्रव्याला स्वतःच लोह लागतें. लोह उणें झालें कीं ग्रंथीचें काम अडतें. उलट ग्रंथि मंदावली म्हणजे तरुण स्त्रियांस मासिक स्राव अधिक होऊन लोह वाहून जातें, आणि जठरांतील आम्ल कमी झाल्यास अन्नांतलें लोह अंगीं लागत नाहीं. शिवाय जी रक्षक सेना ग्रंथीवर चालून जाते, तीच कित्येकदां जठरावरही चालून जाते, आणि मग ब-१२ शोषलें जात नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळ घरें शाकाहारी. हें जीवनसत्त्व भाजीपाल्यांत मिळत नाहीं, दुधादह्यांत मिळतें तें थोडें. तीन्ही उणिवांचें पहिलें लक्षण एकच, थकवा! एक सांपडली म्हणजे दुसरी नाहीं असें समजून स्वस्थ बसणें हीच मोठी फसगत.

आणि तीच आमची झाली. पत्नीला थायरॉईडची गोळी एका डॉक्टरांनीं दिली, लोहाची दुसऱ्यांनीं. ती बिचारी दोन्ही गोळ्या सकाळीं चहाबरोबर एकदम घेई. विसरावयास नको म्हणून तशी सोय मींच लावून दिली होती. आठ महिने झाले, फरक म्हणावा तसा पडेना. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं साधा प्रश्न विचारला, "आजी, गोळ्या घेतां कशा?" उत्तर ऐकून त्या हंसल्या. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत थायरॉईडची गोळी घेणाऱ्या १४ रोग्यांना १२ आठवडे लोहाची गोळी बरोबरच दिली होती. थायरॉईडच्या गोळीचा परिणाम घटला. नळींत ही दोन द्रव्यें एकत्र केलीं तर त्यांचा जांभळट, सहज न विरघळणारा संयोग होतो. म्हणजे दोन चांगलीं औषधें आम्ही पोटांत एकमेकांशीं झुंजवीत होतों, आणि वर चहा. तो तर अन्नांतल्या लोहाचाही वैरी.

डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें तें मीं शाळेच्या वेळापत्रकासारखें कागदावर आंखून स्वयंपाकघरांत लावलें. पहाटे उठल्यावर, अनशापोटीं, नुसत्या पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी. चहा, न्याहारी अर्ध्या ते एक तासानंतर. लोहाची गोळी निदान चार तासांनीं, लिंबाच्या सरबताबरोबर. चुन्याची म्हणजे कॅल्शियमची गोळी असल्यास तिलाही तेंच चार तासांचें अंतर. जेवणावर लगेच चहा नाहीं. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आणि लोखंडी कढईंत भाजी करण्याची आपल्या आज्यांची रीत लोहाच्या दृष्टीनें शहाणपणाची आहे, हेंही त्यांच्याकडून कळलें.

त्यांनीं तीन इशारे दिले, तेही सांगतों. ब-१२ उणें असतां नुसतें फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारल्यासारखें दिसतें, पण मज्जातंतूंची हानि आंतून चालूच राहते. केसांसाठीं घेतलेलें बायोटिन रक्ततपासणीचे आंकडे चुकवूं शकतें. म्हणून तपासणीपूर्वीं तें घेत असल्याचें डॉक्टरांना सांगावें. आणि थायरॉईडची मात्रा अधिक झाली तर हृदयाला व हाडांना अपाय होतो, लोहही गरज नसतां घेऊं नये. सबब तपासणीवांचून स्वतःच्या मनानें कांहीं वाढवूं नये.

सुधारणा एका दिवसांत झाली नाहीं. दोन महिन्यांनीं तिची शाल सुटली, चार महिन्यांनीं जिना सोपा झाला. एके दिवशीं सकाळीं मी वर्तमानपत्र वाचीत असतां देवघरांतून स्तोत्र ऐकूं आलें, आणि तें शेवटपर्यंत न अडखळतां आलें. मी वर्तमानपत्र खालीं ठेवलें.

आपल्या घरांत कोणी पूर्वीं चपळ असलेली व्यक्ति, आई असो, सून असो, बहीण असो, कांहीं महिन्यांत मंद झाली असेल, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वीं तिचें रक्त तपासून घ्या. गल यांनीं दीडशें वर्षांपूर्वीं जें ओळखलें, तें ओळखावयास माझ्यासारखा उशीर आपण करूं नये, एवढीच विनंती.