पाऊण मीटरचा खोका

उभी उडी मोजायला भिंत पुरते. हात ताणून एक खूण करायची, उडी मारून दुसरी, मधलं अंतर ती उडी. आमच्या शाळेच्या चुन्याच्या भिंतीवर खडू उमटत नसे, म्हणून माझ्या व्हॉलीबॉलच्या मुली बोटाला गेरू लावायच्या. या चाचणीला ज्यांचं नाव आहे त्या डडली सार्जंट यांनी १९२१ साली ती मांडली तेव्हा हाताच्या खुणेचा संबंधच नव्हता. डोक्यावर वीस इंचांवर पुठ्ठ्याची चकती धरायची आणि उडी मारून तिला टाळू लावायची! सार्जंट तरुणपणी सर्कशीत कसरती करत; पुढे डॉक्टर झाले, हार्वर्डच्या व्यायामशाळेचे प्रमुख झाले. असली चाचणी सर्कशीतल्या माणसालाच सुचायची.

मोजणं सोपं. उडी वाढवायची कशी, याचा धागा आणखी मागे, १८८५ च्या पॅरिसमध्ये सापडतो. मारे आणि देमनी या दोन संशोधकांनी उडीची यंत्रावर नोंद घेतली. लागोपाठ दोन उड्या मारल्या तर दुसरी जास्त उंच जाते, असं त्यांना दिसलं. पाय टेकताच ताणलेला स्नायू लगेच आखडला, तर ताणातलं बळ वाया जात नाही. या निरीक्षणाचा मैदानावर कुणी नीट उपयोग करायला मात्र सत्तरेक वर्षं जावी लागली.

तोवर सगळीकडे एकच उपाय होता: पाय बळकट करा. आपल्या तालमीत बैठका होत्याच. बैठकांनी मांड्या भरतात, दमसास वाढतो. कुस्तीला ते हवंच. पण जाळ्यापाशी उडणाऱ्या मुलीचा पाय जमिनीवर निमिषभरच असतो. तेवढ्यात तिला किती जोर काढता येतो, हा प्रश्न वेगळा.

तो प्रश्न खऱ्या अर्थानं हाताळला मॉस्कोच्या युरी वेर्खोशान्स्की यांनी. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते उडीपटूंना शिकवत होते. हिवाळ्यात मैदान बर्फाखाली, म्हणून सराव आत, वजनं घेऊन. खांद्यावर जड बार्बेल घेऊन बैठका मारताना पोरांची कंबर धरायची. तिहेरी उडीत मात्र उतरताना एका पायावर तीनशे किलोच्या आसपास भार येतो, आणि तो पाय तो भार पेलून पुन्हा उसळतो, हे त्यांनी हेरलं. मग पाठीवर वजन कशाला लादायचं? उंचावरून खाली उतरा आणि पाय टेकताक्षणी वर उडा. भार आपोआप येतो, आणि क्षणभरच राहतो. या पद्धतीला त्यांनी ‘आघात पद्धत’ म्हटलं.

साठच्या दशकात त्यांनी आकडेही दिले. चपळाईसाठी पाऊण मीटर, म्हणजे वर्गातल्या टेबलाएवढी उंची, जोरासाठी १.१० मीटर. एका सत्रात चाळीसच्या वर उड्या नाहीत, आठवड्यातून दोनदा. आणि हे कुणासाठी? आधी काही वर्षं वजनं उचलून तयार झालेल्या प्रौढ खेळाडूंसाठी. माझ्या मते सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची अट हीच, आणि प्रवासात गळाली तीही हीच.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत धावपटू बोरझोव्हनं शंभर आणि दोनशे मीटर, दोन्ही सुवर्णं नेली. त्यानंतर पश्चिमेत रशियन सरावाविषयीचं कुतूहल फारच वाढलं. १९७५ मध्ये फ्रेड विल्ट या अमेरिकन प्रशिक्षकानं अशा उड्यांना ‘प्लायोमेट्रिक्स’ नाव दिलं. तेच जगभर चाललं. पुढे अमेरिकेतच सावधगिरीची भाषा आली: स्वतःच्या वजनाच्या दीडपट भार घेऊन बैठक मारता येत नसेल तर या वाटेला जाऊ नये. हा नियम फारच कडक म्हणून नंतर सैल झाला, आणि तेही बरोबरच. साध्या दोरीउड्यांनाही असला दाखला मागायचा का?

आपल्याकडे १९६१ मध्ये सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत समाजवादी देशांतले प्रशिक्षक येत असत. तिथून शिकलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. खेळाचं शास्त्र गावापर्यंत आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, हे मी मानते. पण दरवेळी हात बदलताना आकडे राहिले, अटी गळत गेल्या. एका शिबिरात मी तेरा वर्षांच्या मुलींना टेबलावरून सिमेंटच्या फरशीवर उड्या मारताना पाहिलं. संध्याकाळी त्यातल्या दोघी गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा चोळत बसल्या होत्या. वाढीच्या वयात वाटीखालचा स्नायुबंध ज्या हाडाला जोडलेला असतो, ते तिथं अजून कच्चं असतं. दणके सोसत नाही.

शिबिराहून आल्यावर, ‘बाई, आपण टेबलावरून कधी?’ म्हणून माझ्याही मुलींनी विचारलं होतं. आम्ही आधी मुरमाच्या मैदानावर दोरीउड्या केल्या, मग एका पायावर लंगडी, मग एका विटेवरून नुसतं उतरणं: गुडघे आत न वळवता, टाचा न आपटता. वर उडायचं नाही. हे शाळेचं अख्खं सत्र चाललं आणि मुली कंटाळल्या. दिवाळीनंतर वीट सोडून बाक घेतला, गुडघ्याच्या खालचा, दहा उड्या आणि बस. भिंतीवरच्या गेरूच्या खुणा तोवर बाकाशिवायच वर सरकल्या होत्या. त्यात वाढत्या उंचीचा वाटा किती आणि लंगडीचा किती, हे त्या वयात वेगळं काढता येत नाही.