काचेतला समुद्र आणि तापमानाचा प्रश्न

व्हिक्टोरियन काळातील घरगुती सागरी ॲक्वेरियमचा इतिहास बहुधा 'समतोल' या एकाच शब्दाभोवती लिहिला जातो. वनस्पतीने प्राणवायू सोडावा, प्राण्याने तो घ्यावा, गोगलगायीने कुजके भाग खाऊन टाकावेत आणि काचेच्या चार भिंतींत एक स्वयंपूर्ण जग नांदावे, अशी ही कल्पना. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी निसर्गलेखनात ती इतकी रूढ झाली की, त्या लहानशा टाक्यांना उन्हाळा फार जड जात असे, हे साधे वास्तव मागे पडले. आमचे म्हणणे असे की, या छंदाची कसोटी प्राणवायूच्या हिशेबाइतकीच पाण्याच्या तापमानाच्या स्थैर्यावर लागत होती; आणि त्या बाजूने पाहिले म्हणजे 'स्वयंपूर्ण' या विशेषणाचा अर्थच बदलून जातो.

प्रथम रूढ कथा. १८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरचा कर रद्द झाला आणि काच मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ मध्ये गोड्या पाण्यात मासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून प्रयोग केला आणि १८५० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक निघाले आणि खाऱ्या पाण्याची टाकी दिवाणखान्याची शोभा बनली. 'ॲक्वेरियम' हा शब्द आजच्या अर्थाने रुळला, तोही मुख्यत्वे गॉसमुळे.

या कथेच्या थोडे आधी ॲना थिन या बाईंचा प्रयोग येतो. १८४६ मध्ये त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी मर्यादित, तेव्हा तेच पाणी पुन्हापुन्हा वापरण्यासाठी ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून खेळते ठेवण्याचा क्रम त्यांनी पाडला. हे दमवणारे काम त्यांची एक लहानगी मोलकरीण करीत असे. पुढे १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या टिपणात बाईंनी तिचा उल्लेख केला आहे, मात्र नावाने नाही. पाण्यात हवा मिसळावी हा त्यांचा हेतू. पण उघड्या खिडकीशी अशा ओतण्याने बाष्पीभवन वाढते आणि पाणी थोडे निवतेही. पुढे बाईंनी त्यात समुद्रशैवालही ठेवले. समतोलाचा इतिहास या शैवालाची नोंद आवर्जून घेतो. त्या मुलीच्या हातांची घेतोच असे नाही.

आता प्रश्न असा की, लहान टाकीतच तापमान इतके अस्थिर का असते? गणित सोपे आहे. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती पात्रात १ लिटर पाणी मावते आणि त्याचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर भरते. १ मीटर बाजूच्या पात्रात १००० लिटर पाणी मावते, पण त्याचे पृष्ठफळ लिटरमागे केवळ ६० चौरस सेंटिमीटर पडते. उष्णता पृष्ठभागातून आत-बाहेर जाते. म्हणजे लहान पात्राला खोलीचा प्रत्येक चढउतार लिटरमागे दहापट अधिक पृष्ठभागावर सोसावा लागतो. डेव्हनच्या किनाऱ्याशी समुद्राचे तापमान हिवाळ्यात सुमारे ८-९ अंश सेल्सियस, तर उन्हाळ्यात १६-१७ अंश असते, आणि हा पल्ला गाठायला त्याला काही महिने लागतात. खिडकीत ठेवलेली बरणी तेवढाच पल्ला एका दुपारी गाठू शकते.

अशा उष्म्याने होणारी हानी दुहेरी असते. १० अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. २५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्याही खाली येतो. उलट, शीतरक्ताच्या प्राण्यांची प्राणवायूची गरज त्याच सुमारास साधारण दुपटीने वाढते आणि मेलेले जीव कुजण्याचा वेगही वाढतो. शिवाय पाणी वाफ होऊन जाते, मीठ मागे राहते आणि खारटपणा चढतो. म्हणून घट भरून काढायची ती गोड्या पाण्याने. वॉरिंग्टनचा समतोल चुकीचा नव्हता. परंतु तो विशिष्ट तापमानाच्या मर्यादेतच खरा होता, आणि ती मर्यादा राखणारी कोणतीही यंत्रणा टाकीच्या आत नव्हती.

साहित्याच्या अभ्यासकांना या संदर्भात १८५६ चा उन्हाळा आठवावा. जॉर्ज हेन्री लुइस याच्याबरोबर मेरियन इव्हान्स त्या वर्षी इलफ्रॅकोम येथे गेल्या. सोबत उंच काचेच्या बरण्यांचा पेटारा होता. मात्र पहिल्याच भटकंतीत आणलेली समुद्रपुष्पे त्या बरण्यांत सोडताच उलटीसुलटी तरंगू लागली, असे त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. लुइसचे 'सी-साइड स्टडीज' १८५८ मध्ये पुस्तकरूपाने आले. मेरियन इव्हान्स यांनी त्याच १८५६ च्या सप्टेंबरात आपली पहिली कथा लिहावयास घेतली आणि पुढे त्या जॉर्ज एलियट या नावाने ओळखल्या गेल्या. समुद्रकाठच्या निरीक्षणाचा आणि एलियट यांच्या वास्तववादाचा संबंध समीक्षेने अनेकदा जोडला आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू इच्छितो की, जीव जिथून उचलला त्या परिस्थितीशिवाय तो समजत नाही, हा धडा त्या बरण्यांनी फसूनच दिला असावा.

घरगुती टाकीच्या बाबतीत हा धडा सावकाश गिरवला गेला. मत्स्यगृहाची लोखंड व काचेची इमारत पाहण्यास देखणी, पण रचनेने वनस्पतींच्या काचगृहाच्या जातीची. ऊन आणि उजेड दोन्ही आत घेणारी. जून १८५८ मध्ये लंडनमध्ये सावलीतही पारा ३० अंशांच्या वर गेला, तेव्हा टेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज अडले. दिवाणखान्यातील खिडकीशी ठेवलेल्या पाच-दहा लिटर खाऱ्या पाण्याची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करता येते. टाकीची मागची बाजू उतरती ठेवून तिच्यामागे अंधारा कप्पा राखण्याची रचना त्याच दशकाच्या अखेरीस पुढे आली. उजेडातील पाणी आणि अंधारातील थंड पाणी एकमेकांशी जोडलेले राहावे, हा तिचा उद्देश होता.

या विचाराला पूर्ण रूप दिले ते विल्यम आल्फर्ड लॉइड याने. त्याने लंडनमध्ये ॲक्वेरियमचे दुकान चालवले, १८६४ मध्ये उघडलेले हॅम्बुर्गचे मत्स्यालय उभारले आणि १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयाची सूत्रे हाती घेतली. तेथे प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली, अंधारात, त्यांच्या कितीतरी पट पाण्याचा साठा होता आणि पंपांच्या साहाय्याने ते पाणी अखंड फिरते ठेवले जाई. दिसणाऱ्या पाण्याला स्थैर्य देणारे पाणी न दिसणारे होते. लहान टाकी समुद्रासारखी वागावी असे वाटत असेल, तर तिच्या पाठीशी समुद्राचा काही अंश हवा, ही त्यामागची जाण.

याला एक अपवाद सांगितला जातो. स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञ सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये नॉर्थ बेरिक येथून आणलेले एक समुद्रपुष्प एडिंबरोत एका लहान काचपात्रात १८८७ पर्यंत जगले. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणजे आजी म्हणत. १८५१ मध्ये डॅलियेल वारले. नंतर ते एका सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिले. परंतु हा अपवाद नियमच सिद्ध करतो. ही जात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील, म्हणजे ऊन-थंडीचे फेरे सोसण्यास मुळातच सरावलेली. एडिंबरोची हवा थंड. आणि पात्रातील पाणी वारंवार बदलून ताजे समुद्रपाणी घातले जाई. पात्र इवलेसे होते खरे, पण समुद्र त्याच्या भेटीस नेमाने येत होता.

सर्वांची अशी सोय नव्हती. मेलेल्या जीवांच्या जागी नवे आणावयाचे, तर ते किनाऱ्यावरूनच. गॉसचा पुत्र, समीक्षक एडमंड गॉस याने १९०७ च्या 'फादर अँड सन' मध्ये वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या संग्राहकांमुळे खडकांतील डबकी कशी ओस पडली हे विषादाने सांगितले आहे. हा विषाद आणि तापमानाचा प्रश्न एकत्र वाचले पाहिजेत. ज्या जगाला स्वयंपूर्ण म्हटले गेले, त्याचा तोटा एका बाजूने मोलकरणीच्या श्रमांनी व दुसऱ्या बाजूने किनाऱ्याच्या संपत्तीने भरून निघत होता.

आज वीसेक लिटरच्या टाकीत उष्ण कटिबंधातील प्रवाळ सुमारे २५ अंशांवर ठेवता येतात. हीटर व थर्मोस्टॅट पाणी ऊबदार राखतात, उन्हाळ्यात पंखा किंवा शीतक ते निववतो, आणि पंख्याने वाढलेले बाष्पीभवन गोड्या पाण्याने भरून काढले जाते. लॉइडच्या तळघरातील साठ्याची जागा विजेने घेतली आहे. अवलंबन मात्र संपलेले नाही. दरम्यान त्या मूळ साठ्याचेच स्थैर्य ढळत आहे. प्रवाळांना नेहमीच्या उन्हाळी कमाल सरासरीपेक्षा एखादा अंश अधिक तापमान काही आठवडे सोसावे लागले तर त्यांचे विरंजन होते. एप्रिल २०२४ मध्ये अशा चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. जून २०२३ मध्ये ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे तापमान काही भागांत सरासरीपेक्षा ४ अंशांहून अधिक चढले. समुद्र मोठा आहे म्हणून तो स्थिर आहे, या ज्या गृहीतावर लॉइडने आपली रचना उभारली, ते गृहीतच आता तपासावे लागत आहे.

म्हणून व्हिक्टोरियन निसर्गलेखन शिकवताना 'काचेतील स्वयंपूर्ण जग' ही प्रतिमा आली, की विद्यार्थ्यांपुढे आणखी एक प्रश्न ठेवावा असे आम्हांस वाटते: या पाण्याचे तापमान कोण राखीत होते? त्याचे उत्तर शोधताना ती अनाम मुलगी, तळघरातील अंधारा साठा आणि ओस पडलेली डबकी ही सारी पाठ्यात आणावीच लागतात.