मुरुमांवरचे जोड-औषध

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात आरशात चेहरा न्याहाळणारी राजकन्या आहे. चित्र पाचव्या शतकातले. सहलीत तिच्यापुढे उभी राहणारी नववी-दहावीची मुले आरशात पाहतात ती बहुधा मुरुमांपायी. त्यांच्या जेलवर दोन औषधांची नावे का असतात?

१९६९ मध्ये अमेरिकेत क्लिगमन व सहकाऱ्यांनी ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाचे आम्ल मुरुमांवर वापरून दाखवले. त्याने त्वचेची बुजलेली छिद्रे मोकळी होतात. पुढे क्लिंडामायसिनसारखी प्रतिजैविके आली. पण ती एकटीच लावत राहिले, की जीवाणू त्यांना दाद देईनासे होतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडपुढे ही पळवाट चालत नाही, कारण ते जीवाणूंना ऑक्सिडीकरणाने मारते. (उशीच्या अभ्र्याचा रंग उडवते तेही त्याच क्रियेने!) मात्र प्रकाशात ते ट्रेटिनॉइनचाही नाश करते. अ‍ॅडापॅलीन त्याच्यासमोर टिकते, म्हणून २००८ मध्ये या दोघांच्या जेलला अमेरिकेत मान्यता मिळाली.

जेल रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, पातळ लावावे. सुरुवातीला त्वचा सोलवटते. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. इथेच मुलांचा धीर सुटतो आणि ती स्टेरॉइड असलेल्या ‘गोरेपणाच्या’ मलमाकडे वळतात. तेही जोड-औषधच, पण त्याने त्वचा पातळ होते आणि मुरुम उलट वाढतात. भारतात २०१८ पासून अशी स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.